मोजक्या जिन्नसांत रोजचं जेवण कसं होतं?

पाककृती उघडली की वीस जिन्नसांची यादी समोर येते आणि फडताळात मात्र सहा-सातच डबे असतात. शिकायला किंवा नोकरीला घरापासून दूर राहणारे, एकटे राहणारे वयस्क, कामाच्या जागी चूल मांडणारे मजूर अशा अनेकांची ही रोजची अडचण आहे. मग एक तर मेस लावली जाते, नाही तर चहा-बिस्किटं आणि पाकिटातल्या नूडल्सवर वेळ मारून नेली जाते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातलं, विशेषतः देशावरचं, साधं जेवण पहिल्यापासून थोड्या जिन्नसांतच उभं राहिलेलं आहे. ते कसं चालतं हे कळलं, तर दहा जिन्नस आणि एक शेगडी यांवर महिनाभराचं दोन वेळचं जेवण निघतं. अशा जेवणात काही गोष्टी हटकून कमी पडतात, त्याही माहीत असायला हव्यात.

दहा जिन्नस कोणते?

तांदूळ, ज्वारीचं पीठ (भाकरी जमत नसेल तर कणीक), मूगडाळ, बेसन, शेंगदाणे, तेल, मोहरी, हळद, लाल तिखट आणि कांदा. मीठ यात धरलेलं नाही, ते लागतंच. याशिवाय रोज किंवा दिवसाआड काहीतरी ताजं आणावं लागतं: एखादी पालेभाजी, लिंबू, जमल्यास दही किंवा अंडी. हे ताजं मी यादीत मुद्दाम घातलेलं नाही. डब्यात भरून ठेवता येतं ते एका बाजूला आणि बाजारात जाऊन आणावं लागतं ते दुसऱ्या बाजूला, असा फरक केला तर हिशेब सोपा होतो.

यादीत गोडा मसाला नाही, हिंग नाही, जिरं नाही. अकरावा जिन्नस घ्यायचाच असेल तर मसाल्याच्या पाकिटाआधी लसूण घ्यावा. चार पाकळ्या ठेचून फोडणीत टाकल्या की साध्या वरणाचीही चव पालटते. मसाल्याचं पाकीट मात्र प्रत्येक भाजीला एकाच चवीची करून टाकतं. बारावा घ्यायचा तर आमसूल किंवा चिंच, आणि मग गूळ. आंबट-गोड आमटी तिथून सुरू होते.

किती आणावं?

एका माणसाला महिनाभर दोन वेळ जेवायचं असेल तर ढोबळ अंदाज असा: तांदूळ ४ किलो, पीठ ५ किलो, मूगडाळ दीड किलो, बेसन १ किलो, शेंगदाणे पाऊण किलो, तेल १ लिटर. म्हणजे दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम धान्य, ८० ग्रॅम डाळ-बेसन, २५ ग्रॅम दाणे आणि ३० ग्रॅम तेल. यातून साधारण १,७०० किलोकॅलरी आणि ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे एक अंडं किंवा वाटीभर दही जोडलं की बैठं काम करणाऱ्याचा प्रथिनांचा हिशेब जुळतो. कॅलरींचं मात्र पाहावं लागतं. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला सुमारे २,१०० लागतात, आणि अंगमेहनतीचं काम असेल तर त्याहून बऱ्याच जास्त. ही तूट सकाळच्या नाश्त्यातून भरून काढावी लागते. धान्य वाढवणं हा त्यातला सर्वांत स्वस्त मार्ग.

तुलनेसाठी, केंद्राच्या निकषानुसार सहावी ते आठवीच्या मुलाला शालेय पोषण आहारात एका वेळेला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी मिळायला हवी. वरच्या यादीतलं धान्य एका वेळेला तेवढंच पडतं, डाळ थोडी जास्त.

डाळीवर एवढा भर का? धान्यात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळींत ते भरपूर असतं. उलट डाळींत मेथिओनीन कमी पडतं, ते धान्यात असतं. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. त्यासाठी तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण चांगलं मानतात. वरण-भात, खिचडी, पिठलं-भाकरी ही सगळी जोडपी याच हिशेबाची आहेत. खानदेशातल्या कळण्याच्या भाकरीत तर ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्रच दळतात, म्हणजे जोडी थेट पिठातच. नुसता भात आणि लोणचं, किंवा पोळी आणि चहा, यांत पोट भरतं पण ही जोडी तुटते. पैशाची ओढाताण असली की ताटातून पहिल्यांदा डाळच कमी होते. त्यामुळे काटछाट करायची वेळ आली तर निदान तिला शेवटी हात लावावा.

फोडणी: क्रम का पाळायचा

जिन्नस थोडे असले की क्रमाला महत्त्व येतं, कारण चूक झाकायला दुसरं काही नसतं. हळदीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात जवळजवळ उतरत नाही. म्हणून नुसत्या पाण्यात हळद-तिखट घालून उकळलेली डाळ कच्ची आणि बेचव लागते. तेच जिन्नस आधी तेलात गेले की चव वेगळी.

तेल चांगलं तापलं पाहिजे, दोन दाणे टाकून पाहावेत. मोहरी तडतडली नाही तर कडवट लागते. पण मोहरी तडतडवणाऱ्या तेलात हळद-तिखट थेट टाकलं तर काही सेकंदांत करपतं. इथे कांदा उपयोगी पडतो. मोहरी थांबली की चिरलेला कांदा घालायचा. कांद्यातल्या पाण्यामुळे तेलाचं तापमान उतरतं, आणि मग हळद-तिखट घातलं तरी जळत नाही. कांदा नसेल त्या दिवशी गॅस बंद करून, दहा सेकंद थांबून हळद-तिखट घालावं आणि लगेच पाणी किंवा डाळ ओतावी.

तेलात काटकसर करायची तर फोडणी वेगळी करून वरून घालावी. चमचाभर तेलाची फोडणी शिजलेल्या वरणावर शेवटी ओतली की तिचा वास जेवेपर्यंत टिकतो. तेवढीच फोडणी सुरुवातीला करून वरून पाणी घालून वीस मिनिटं उकळली तर बराचसा वास हवेत जातो.

पिठलं आणि त्याची भावंडं

थोड्या जिन्नसांच्या स्वयंपाकात शिकायला सर्वांत चांगला पदार्थ पिठलं. बेसन, कांदा, तेल, मोहरी, हळद, तिखट, मीठ आणि पाणी यांपलीकडे काही लागत नाही, आणि पंधरा मिनिटांत होतं. (इथे वाटी म्हणजे साधारण १५० मिलिलिटरची. वाटी-चमच्याचं माप पाककृतीत रूढ होण्यात कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’चा मोठा वाटा आहे. वजनकाटा नसलेल्या खोलीत आजही तेच माप सोयीचं.)

दोघांसाठी एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, एक मोठा कांदा, दोन मोठे चमचे तेल. फोडणीत कांदा मऊ होऊ द्यावा, हळद, तिखट घालावं. बेसन अर्ध्या पाण्यात, गार पाण्यातच, गुठळी न ठेवता कालवावं. उरलेलं पाणी आणि मीठ फोडणीत घालून उकळी आणावी आणि कालवलेलं पीठ त्यात ओतून ढवळत राहावं. दाट झालं की आच मंद करून झाकण ठेवावं आणि सहा-सात मिनिटं वाफ आणावी. मधूनमधून तळापासून हलवावं.

यातल्या दोन गोष्टी नवशिक्याला नडतात. पहिली गुठळ्या. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात ढीगभर पडलं की त्याचा बाहेरचा थर क्षणात शिजून चिकट होतो आणि आत कोरडं पीठ अडकून राहतं. म्हणून पीठ आधी गार पाण्यात मोडायचं, किंवा जुन्या पद्धतीनं एका हातानं पीठ पेरत दुसऱ्या हातानं घोटत राहायचं. काही घरांत मात्र पेरलेल्या पिठाच्या बारीक गाठीच आवडतात आणि गाठीचं पिठलं मुद्दाम केलं जातं, तेव्हा चार गुठळ्या राहिल्या तर फार मनाला लावून घेऊ नये. दुसरी गोष्ट कच्चेपणा. पिठलं दाट झालं म्हणजे शिजलं असं नव्हे. दाटपणा दोन मिनिटांत येतो, कच्च्या बेसनाचा वास जायला झाकणाखालची वाफ लागते. पुरतं न शिजलेलं बेसन पोटालाही जड पडतं.

आता याच सामानात फक्त पाणी कमी-जास्त करून पाहा. पाणी बेसनाच्या बरोबरीनं किंवा त्याहून कमी घेतलं, बेसन कांद्याबरोबर आधी खमंग परतलं आणि पाण्याचा हबका मारत शिजवलं की झुणका होतो. तो कोरडा असल्यानं डब्यात नेता येतो. एक वाटी बेसनाला पाऊण ते एक वाटी पाणी घेऊन सरसरीत कालवलं, कांदा त्यातच घातला आणि तव्यावर पसरलं की धिरडं. मेथी, कोबी, सिमला मिरची, कांद्याची पात यांपैकी जे असेल ते परतून वरून दोन-तीन चमचे बेसन पेरलं आणि वाफ दिली की पीठ पेरून केलेली भाजी होते. जुडीभर भाजी एकाऐवजी दोघांना पुरते ती अशी. चार पदार्थ झाले आणि सामान तेच राहिलं. थोड्या जिन्नसांत कंटाळा टाळायचा तो असा. नवा मसाला आणण्याआधी पाणी, आच आणि चिरण्याची पद्धत बदलून पाहावी. उभा चिरलेला कांदा पिठल्यात दाताखाली येतो, बारीक चिरलेला विरघळून गोडी देतो.

बेसनाच्या जागी कोकणात कुळथाचं पीठ येतं आणि त्याची पिठी पातळ, भाताबरोबर ओरपण्याजोगी होते. कृती बहुतांशी तीच.

भाकरी येत नसेल तर

ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे कणकेसारखा ताण तिच्या पिठाला येत नाही. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि तोच चिकटपणा देतो. म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवून भरपूर मळावं लागतं. जुन्या पिठाला विरी राहत नाही आणि भाकरी थापताना चिरते. दोष हाताचा आहे की पिठाचा हे आधी पाहावं. पीठ एका वेळी पंधरा दिवसांचंच दळून आणावं.

तरीही जमलं नाही तर थालीपीठ आहे. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, बारीक चिरलेला कांदा, हळद, तिखट, मीठ. सैलसर भिजवून तेल लावलेल्या गार तव्यावरच थापायचं, मध्ये भोकं पाडून त्यांत थेंब थेंब तेल सोडायचं आणि झाकण ठेवून भाजायचं. पोळपाट-लाटणं लागत नाही. धान्य-डाळीची जोडी एकाच पदार्थात येते, हा वरचा फायदा.

खिचडी आणि वरण

यादीत तूरडाळ न घेता मूगडाळ घेतली आहे, कारण ती कुकरशिवाय उघड्या पातेल्यात अर्ध्या तासाच्या आत शिजते. तूरडाळीला कुकर नसेल तर बराच वेळ आणि गॅस जातो. एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ यांना तीन वाट्या पाणी घातलं तर खिचडी मोकळी होते, पाच घातलं तर आसट. आजारी माणसाला किंवा लहान मुलाला सहासुद्धा चालतं. आमसूल, चिंच, टोमॅटो असं आंबट काहीही डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घालावं. आंबटामुळे डाळ शिजायला वेळ लागतो. बोअरचं जड पाणी असेल तरी डाळ अडून बसते. अशा ठिकाणी ती तासभर भिजवून घ्यावी.

गोव्यात आणि दक्षिण कोकणात उकड्या तांदळाची पेज हे याहूनही कमी जिन्नसांचं जेवण: तांदूळ, पाणी, मीठ आणि तोंडी लावायला लोणचं किंवा भाजलेला सुका बांगडा. तो मासा किंवा शेजारी उसळ नसेल तर पेज हलकी आहे, पण पुरेशी नाही.

शेंगदाण्याचं काम

दाण्यांत शंभर ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात आणि शिवाय तेल, त्यामुळे मूठभर दाणे सुक्या जेवणालाही पोटभरीचं करतात. भाजून केलेलं कूट रस्सा दाट करतं. सोलापूरकडची चटणी करताना भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ इतकं कुटतात की दाण्याचं तेल सुटून चटणी ओलसर होते. ती आठवडाभर सहज टिकते आणि भाजी नसलेल्या दिवशी भाकरीची सोय होते. कडू, सुरकुतलेला किंवा बुरशी आलेला दाणा मात्र टाकूनच द्यावा. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्यानं किंवा शिजवल्यानं पूर्ण जात नाही.

काय कमी पडतं?

राज्य सरकारनं सर्वसामान्यांसाठी कमीत कमी जेवण म्हणून काय ठरवलं, हे पाहण्यासारखं आहे. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं उघडली गेली. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दहा रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात होता. पंचवीस वर्षांत ताटात आलेला महत्त्वाचा फरक म्हणजे ती भाजीची वाटी. आपल्या दहा डब्यांतही नेमकी तीच नाही.

डबाबंद जिन्नसांत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, अ जीवनसत्त्व फारच कमी असतं. मेथी, पालक, चवळई, शेवग्याचा पाला यांपैकी एक जुडी दिवसाआड आणली तर अ जीवनसत्त्व, फोलेट आणि थोडं कॅल्शियम मिळतं. लिंबू पिळायचं ते ताटात वाढल्यावर, कारण क जीवनसत्त्व उष्णतेनं नष्ट होतं. डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. त्याच घासाबरोबर लिंबू असेल तर ते जास्त शोषलं जातं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. चहा तासाभरानं घ्यावा. अंगावर रक्त कमी असलेल्या मुलींनी आणि बायकांनी एवढी एक सवय तरी बदलावी.

बाजार लांब असेल तर मूगडाळीच्या जोडीला थोडे अख्खे मूग किंवा मटकी ठेवावी. मोड आणल्यावर त्यांत क जीवनसत्त्व तयार होतं, कोरड्या कडधान्यात ते नसतं. मोड मऊ होईपर्यंत रटरटवू नयेत, झाकण ठेवून वाफेवर शिजवावेत.

ब-१२ हे जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही, ताक, अंडी, मासे यांपैकी काहीतरी नियमित पोटात गेलंच पाहिजे. महिनोन्‌महिने नुसत्या भात-आमटीवर राहणाऱ्याला थकवा आणि हातापायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवून तपासणी करून घ्यावी. मीठ आयोडीनयुक्त घ्यावं, बाकी मिठाच्या प्रकारांवर पैसे घालवायची गरज नाही.

उरलेलं आणि साठवलेलं

एकट्याचा स्वयंपाक नेमका होत नाही, थोडं उरतंच. पोळी-भाकरी उरली तर काळजी नाही, भाताची असते. शिजवलेला भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर त्यात वाढणारे काही जिवाणू असं विष तयार करतात, की दुसऱ्या दिवशी भात कडकडीत गरम केला तरी ते जात नाही. दोन तासांच्या आत भात पसरून गार करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रिज नसेल तर, विशेषतः उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, रात्रीचा भात बेतानंच लावावा. फोडणीचा भात कितीही आवडत असला तरी.

बेसनाला पावसाळ्यात जाळी धरते. एका वेळी अर्धा किलोच आणावं, वापरण्याआधी चाळावं. डाळ-तांदळाचे डबे कोरड्या चमच्यानंच उघडावेत. कांदे बटाट्यांच्या टोपलीत ठेवू नयेत, दोन्ही लवकर खराब होतात.

शिळ्या भाकरीचे हातानं बारीक तुकडे करून कांदा-मोहरीच्या फोडणीत परतले, पाण्याचा एक हबका मारला आणि वरून दाण्याचं कूट घातलं की सकाळचा नाश्ता होतो. उन्हाळ्यात गॅस पेटवायचा नसेल तर तोच चुरा ताकात कालवायचा, मीठ आणि चिरलेला कांदा घालायचा आणि दहा मिनिटं मुरू द्यायचा.